नाव न सांगता पटलेली ओळख

आपल्या समाजाची जुनी हकीकत लहानपणी आपण सर्वांनीच ऐकली आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, पोथ्यापुस्तके समुद्रात गेली. पुढे कित्येक पिढ्या कोकणात तेल गाळण्यात गेल्या. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजारपाजारचे लोक आपल्याला 'शनवार तेली' म्हणू लागले. मग दाविद रहाबी आले. परंपरा असे सांगते की, त्यांनी आपल्या बायकांपुढे नाना प्रकारचे मासे ठेवले. बायकांनी पंख आणि खवले असलेले मासे निवडून घेतले व बाकीचे बाजूला सारले. शनिवारचा विसावा, आठव्या दिवसाची सुंता, माशांची निवड आणि ओठांवरचा 'शेमा' या खुणांपैकी एखाददुसरी आणखी कोणाकडे सापडली असती. पण सर्व खुणा एकाच घरात सापडल्या तेव्हा रहाबींची खात्री पटली. त्यांनी कोणाचे नाव विचारले नाही की दाखला मागितला नाही. बारीकसारीक खुणांची बेरीज केली, एवढेच.

ही हकीकत येथे सांगण्याचे कारण असे की, आपल्या घरातल्या संगणकाची ओळख आज अगदी याच रीतीने पटविली जाते. फरक इतकाच की, रहाबी आपले माणूस होते आणि ओळख पटल्यावर त्यांनी आपल्याला शिकविले-सवरविले. संगणकाची ओळख पटविणारे आपले कोणी नव्हेत. ती ओळख ते विकतात.

येथे टेक्सास राज्यातील अर्विंग गावी राहून अशदोदच्या व ठाण्याच्या नातलगांशी फोनवर बोलणे होते, तेव्हा एक प्रश्न हटकून निघतो. "काल गुडघेदुखीबद्दल दोन ओळी वाचल्या, आज जिकडे बघावे तिकडे गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात! यांना कळले तरी कसे?" कोणी म्हणते फोन चोरून ऐकतो, कोणी म्हणते योगायोग. आम्ही संगणकाची विद्या शिकलेले नाही, आमचा जन्म परिचारिकेच्या कामात गेला. परंतु हा प्रश्न आमच्याच घरात शिरला (ते पुढे सांगतो), तेव्हा मुलांना विचारून, वाचून, जमेल तेवढे समजून घेतले. ते आपल्या पिढीच्या वाचकांना समजेल अशा भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम 'कुकी' म्हणजे काय ते पाहू. मुंबईत धोबी कपडे नेत असे, ते आपणा सर्वांना आठवत असेल. शंभर घरांचे कपडे एकाच घाटावर धुतले जात आणि तरीही आपली चादर आपल्याच घरी परत येई. कारण धोबी कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याने बारीक खूण करीत असे. कुकी ही अशीच धोब्याची खूण आहे. आपण एखाद्या संकेतस्थळावर गेलो की ते आपल्या संगणकात एक लहानशी चिठ्ठी ठेवते. पुन्हा गेलो की चिठ्ठी वाचून 'मागच्या खेपेचे गिऱ्हाईक आले' हे ओळखते. ही युक्ती १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी काढली, आणि तिच्यात वाईट असे काही नव्हते. दुकानातील टोपलीत टाकलेली वस्तू पान उलटल्यावरही टोपलीत राहावी, यासाठी ती लागतेच.

घोटाळा झाला तो पुढे. एकाच पानावर दहा परक्या जाहिरात कंपन्या बसू लागल्या आणि प्रत्येकीने आपापली खूण करून ठेवली. तीच कंपनी वर्तमानपत्राच्या पानावर, भाजीच्या दुकानात आणि दवाखान्याच्या पानावर बसलेली असली, की माणूस कोठून कोठे गेला हे तिला आपोआप कळते. जणू काही साऱ्या मुंबईचा धोबी एकच, आणि कोणाच्या चादरीवर कसला डाग पडला याची वही तो ठेवतो!

तरीही कुकीचा एक गुण होता. ती आपल्याच संगणकात असे, म्हणून आपल्याला पुसता येत असे. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून परक्या कंपन्यांच्या कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक स्थळाची कुकी वेगळ्या डब्यात कोंडून ठेवण्यास सुरुवात केली. गूगलनेही जानेवारी २०२० मध्ये आपल्या क्रोममधून त्या काढून टाकण्याचे जाहीर केले होते, परंतु मुदती पुढे ढकलत ढकलत एप्रिल २०२५ मध्ये तो बेत सोडून दिला.

खूण पुसता येते म्हटल्यावर ओळखणाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. धोब्याने खूणच केली नाही तरी घरची बाई आपली चादर ओळखतेच की नाही? कापडाचा पोत, काठाची शिलाई, एका कोपऱ्यातले ठिगळ आणि उसवलेला दोरा पाहून तिला चादर कळते. त्याचप्रमाणे संकेतस्थळ आपल्या संगणकाला काही साधे प्रश्न विचारते. तुझा ब्राउझर कोणता, आवृत्ती कितवी? पडदा किती रुंद, किती उंच? घड्याळ कोणत्या विभागाचे? भाषा कोणत्या आणि कोणत्या क्रमाने? अक्षरांचे फाँट कोणकोणते बसवले आहेत? या प्रश्नांची उत्तरे संगणक निमूटपणे देतो, कारण पान नीट दिसण्यासाठी त्यांतली काही खरोखरच लागतात.

आणखी एक प्रकार तर फारच चतुराईचा आहे. संकेतस्थळ संगणकाला गुपचूप एक लहानसे चित्र किंवा चार अक्षरे काढावयास लावते. ती आपल्याला दिसतही नाहीत. प्रत्येक यंत्रातील चित्र काढणारे भाग थोडेफार निराळे असल्याने कडांच्या छटा किंचित निराळ्या उमटतात. वॉर्डात आम्ही केसपेपरवरील सही न वाचताच हे अक्षर कोणत्या डॉक्टरांचे ते सांगत असू, तसेच हे. सही पुसता येते, अक्षर कसे पुसणार?

या प्रकाराला इंग्रजीत बोटाच्या ठशाचे नाव दिले आहे, आणि त्या नावाला आपल्या देशाचा संबंध आहे. बोटांच्या ठशांवरून माणूस हुडकण्याचे दप्तर १८९७ साली कलकत्त्यात सुरू झाले. ठशांची वर्गवारी बसविण्याचे मोठे काम अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघा हिंदी माणसांनी केले, पण ती पद्धत मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. संगणकाचा ठसा या ठशाहून एका बाबतीत वेगळा आहे. अंगठा शाईत बुडविताना माणसाला निदान कळत तरी असे.

हे ठसे कितपत पक्के असतात? इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेच्या पीटर एकर्सली यांनी २०१० साली सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांचे ठसे तपासले. त्यांतील ८३.६ टक्के ठसे एकमेव निघाले, म्हणजे दुसऱ्या कोणाशीही न जुळणारे. पुढे २०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी एका सर्वसाधारण लोकांच्या स्थळावर वीस लाखांहून अधिक ठसे पाहिले, तेव्हा एकमेव ठशांचे प्रमाण ३३.६ टक्केच भरले. म्हणजे बहुतेक लोक गर्दीत मिसळून जातात. ज्यांचे यंत्र, भाषा वा मांडणी चारचौघांसारखी नसते ते उठून दिसतात.

येथे आम्ही थबकलो. चारचौघांसारखे नसणे, हे तर आपले पिढीजात लक्षण! अर्विंगमध्ये भारतीय माणसे थोडीथोडकी नाहीत. व्हॅली रँच भागात फेरफटका मारला तर मराठीही कानावर पडते. डॅलस परिसरात यहुदी कुटुंबेही बरीच आहेत. परंतु ज्या संगणकाच्या भाषांच्या यादीत इंग्रजीखाली मराठी आणि मराठीखाली हिब्रू आहे, ज्यात देवनागरीचे चार फाँट मुद्दाम बसवले आहेत आणि ज्याचे घड्याळ डॅलसचे आहे, असे संगणक या गावात किती असतील? बहुधा आमचा आणि आमच्या मुलाचा. नाव-गाव काही न सांगता तो संगणक सांगून टाकतो, "हे बेने इस्राएलचे घर." आपली आडनावे जशी पेणकर, दिवेकर, किहीमकर, रोहेकर म्हणताच गाव सांगतात, तसाच हा प्रकार झाला.

याची भीती वाटावी का? विनाकारण घाबरविणे आम्हाला आवडत नाही. परंतु १५ जानेवारी २०२२ च्या शब्बाथला आमच्यापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत असलेल्या कॉलीव्हिल गावच्या सिनेगॉगमध्ये एका बंदूकधाऱ्याने रब्बींसह चौघांना ओलीस धरले होते. देवाच्या दयेने चौघेही सुखरूप सुटले. त्या घटनेचा संगणकाच्या ठशाशी काहीएक संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगतो. परंतु त्या दिवसापासून, आपला धर्म कोणाच्या वहीत लिहिला जात आहे आणि ती वही कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न आम्हाला कुतूहलाचा वाटेनासा झाला.

आता आमच्या धंद्याकडे वळतो, कारण खरा जिव्हाळ्याचा प्रश्न तेथेच आहे. परिचारिकेला औषध देण्यापूर्वी रुग्णाची ओळख दोन खुणांनी पटवावी लागते. साधारणपणे नाव आणि जन्मतारीख. बाहेरच्या जगात मात्र नाव नसले तरी चालते, हे १९९७ साली लताना स्वीनी या विदुषीने दाखवून दिले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सरकारी नोकरांच्या आजारांच्या नोंदी नावे काढून अभ्यासकांना दिल्या होत्या. त्यांतून केवळ जन्मतारीख, स्त्री-पुरुष भेद व टपाल विभाग यांची मतदारयादीशी सांगड घालून त्यांनी राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद हुडकून काढली. अमेरिकेतील ८७ टक्के माणसे या तीनच खुणांनी एकटी पाडता येतात, असा त्यांचा हिशोब होता. म्हणूनच रुग्णांच्या गुप्ततेच्या येथील कायद्याखाली नोंदीतून ओळख काढावयाची एक ठरीव रीत आहे आणि तिच्यात अठरा खुणा पुसाव्या लागतात. त्यांत नाव-पत्त्याबरोबर बोटाचे ठसे, यंत्राचे क्रमांक आणि इंटरनेटचा आय.पी. पत्ताही आहे.

हा आय.पी. पत्ता लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो बहुधा एका माणसाचा नसून सबंध घराचा असतो. घरात पाच फोन, दोन संगणक आणि एक टेलिव्हिजन असला तरी बाहेरून ते सारे एकाच दाराने येताना दिसतात.

गेल्या वर्षी आमच्या मिस्टरांच्या विसरण्याबद्दल आम्हाला शंका येऊ लागली. किल्ल्या विसरणे निराळे आणि किल्ली कशाची ते विसरणे निराळे, एवढे या धंद्यात कळते. मुलांना सांगण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावे म्हणून आम्ही एका हॉस्पिटलच्या संकेतस्थळावर स्मृतीच्या आजारांचे पान वाचले व डॉक्टरांची यादी पाहिली. नाव दिले नाही, काही भरले नाही. आठवड्याच्या आत घरातल्या पडद्यांवर स्मरणशक्तीच्या गोळ्या आणि वृद्धांच्या देखभालीची घरे यांच्या जाहिराती येऊ लागल्या. आणि त्या आमच्याच संगणकावर नव्हे, तर शनिवार-रविवार मुक्कामाला येणाऱ्या नातवाच्या पडद्यावरही. त्याने जेवताना विचारले, "आजी, आपल्याकडे कोणाला बरे नाही?" ताटावर मिस्टर समोरच बसले होते.

हॉस्पिटलचे नाव आम्ही देत नाही. त्या जाहिराती नेमक्या त्या पानामुळेच आल्या हे सिद्धही करून दाखविता येणार नाही. परंतु चाळीस वर्षे आम्ही ज्या गोष्टीची राखण केली, म्हणजे आजार प्रथम कोणी, कोणाला, कोणत्या शब्दांत सांगावयाचा ही गोष्ट, ती आमच्याच घरात आमच्या हातून काढून घेतली गेली. आजाराची बातमी सांगण्याची एक वेळ असते. ती वेळ रुग्णाची असते, जाहिरातदाराची नव्हे.

हे आमच्याच बाबतीत घडले असेही नाही. जून २०२२ मध्ये 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेने अमेरिकेतील शंभर नामांकित हॉस्पिटलांची संकेतस्थळे तपासली, तेव्हा ३३ स्थळांवर फेसबुकच्या मालक कंपनीचा, मेटाचा, माग काढणारा ठिपका आढळला. ठिपका म्हणजे पानात दडवलेला एक बारीकसा हेर. कोण आले, काय पाहिले, कोणती कळ दाबली, ते तो आय.पी. पत्त्यासह कंपनीकडे पाठवतो. औषधांच्या सवलतीचे 'गुडआरएक्स' फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या व्यापार आयोगासमोर आले. लोकांच्या औषधांची माहिती फेसबुक व गूगल यांसारख्यांना दिल्याच्या आरोपावरून कंपनीने १५ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

हॉस्पिटलांच्या ठिपक्यांचा खटला तर आमच्या शेजारीच चालला. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये असे बजावले होते की, विशिष्ट आजाराचे हॉस्पिटलचे पान कोणी उघडले आणि त्याचा आय.पी. पत्ता परक्या कंपनीस गेला, तर तीही रुग्णाची गुप्त माहिती ठरू शकते. यावर अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशन, टेक्सास हॉस्पिटल असोसिएशन आणि आमच्या पलीकडच्या आर्लिंग्टन गावची टेक्सास हेल्थ रिसोर्सेस आदींनी नोव्हेंबर २०२३ मध्ये फोर्ट वर्थच्या केंद्रीय न्यायालयात दावा लावला. २० जून २०२४ रोजी न्यायमूर्ती मार्क पिटमन यांनी हॉस्पिटलांच्या बाजूने निकाल दिला व खात्याच्या सूचनेचा तेवढा भाग रद्द केला. सरकारने पुढे अपील चालविले नाही. निकालाचे सार असे की, सर्वांना खुले असलेले पान कोणी का उघडले हे पान उघडण्यावरून कळत नाही. तो रुग्ण असेल, विद्यार्थी असेल, नाहीतर शेजाऱ्यासाठी चौकशी करणारा असेल. पासवर्ड घालून उघडावयाच्या रुग्णाच्या खात्याला मात्र हा निकाल लागू नाही.

कायद्याच्या अक्षरानुसार न्यायमूर्तींचे म्हणणे चुकीचे आहे असे आम्ही म्हणू शकत नाही. परंतु आपण ज्या जगातून आलो ते आठवून पहा. टी.बी.च्या दवाखान्याच्या पायरीवर एखादी उपवर मुलगी कोणाला दिसली, तर ती स्वतःसाठी आली की मावशीला घेऊन आली, याची चौकशी कोणी करीत असे काय? दिसली, एवढे पुरे होत असे. स्थळे परत जात. जाहिरातदारालाही पुरावा लागत नाही, त्याला संभव पुरतो. दहांपैकी सहा वेळा अंदाज बरोबर आला तरी त्याचा धंदा चालतो. चुकलेल्या चार घरांत काय झाले, ते त्याला कळतही नाही.

मग राज्याचा कायदा? टेक्सासचा माहिती-गुप्ततेचा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्यात धर्म, वंश आणि आजाराचे निदान ही नाजूक माहिती मानली असून ती वापरण्यापूर्वी संमती घ्यावी लागते. कायदा चांगला आहे. परंतु ज्या संस्थांना रुग्णांच्या गुप्ततेचा केंद्राचा कायदा लागू आहे त्यांना यातून वगळले आहे, म्हणजे हॉस्पिटले आली. धर्मादाय संस्थाही वगळल्या आहेत, म्हणजे सिनेगॉगे आली. नागरिकाला स्वतः दावा लावता येत नाही, ते काम राज्याच्या ॲटर्नी जनरलचे. त्यांनी मोठी वसुली केली हे खरे. बिंगतपासणीच्या, म्हणजे चेहरा ओळखण्याच्या प्रकरणी मेटाने जुलै २०२४ मध्ये १.४ अब्ज डॉलर कबूल केले, आणि मे २०२५ मध्ये ठावठिकाणा, 'गुप्त खिडकी' आदी तक्रारींवर गूगलने १.३७५ अब्ज डॉलर. पण ही वसुली राज्याची. हॉस्पिटलच्या खुल्या पानापुरते पाहिले तर केंद्राची छत्री एका बाजूला, राज्याची दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या फटीतून पडणारा पाऊस आपल्या डोक्यावर. इस्राएलात गुप्ततेच्या कायद्याची मोठी सुधारणा १४ ऑगस्ट २०२५ पासून अमलात आली आहे आणि भारताने २०२३ साली स्वतंत्र कायदा केला आहे. तेथील वाचकांनी आपापले हक्क मुलांकडून समजून घ्यावेत.

तोवर घरच्या घरी काय करता येईल ते सांगतो.

ब्राउझर बदलणे हा पहिला उपाय. फायरफॉक्स, ब्रेव्ह किंवा ॲपलवाल्यांना सफारी, यांत माग काढणाऱ्यांना अडविण्याची सोय मुळातच आहे. सफारी तर यंत्राची माहिती मुद्दाम मोघम सांगते, म्हणजे सर्व यंत्रे सारखी दिसावीत. फायरफॉक्समध्ये 'यूब्लॉक ओरिजिन' हे जोडयंत्र बसवले तर बहुतेक ठिपके पानात शिरण्यापूर्वीच अडतात. ब्राउझर नेहमी ताजा ठेवावा.

आजार, पैसा आणि धर्म यांसंबंधीचे वाचन वेगळ्या ब्राउझरमध्ये करावे आणि त्यात गूगल वा फेसबुकच्या खात्यात शिरू नये. आम्ही सध्या असेच करतो. दूधदुभत्याची आणि मांसाची भांडी आपण वेगळी ठेवतो, त्यातलाच प्रकार समजावा.

'गुप्त खिडकी'वर भरवसा ठेवू नये. ती खिडकी बंद करताच आपल्या संगणकातील कुकी व वाचनाची यादी पुसते, त्यामुळे घरातल्या माणसांपासून आडोसा होतो. परंतु ठसा आणि आय.पी. पत्ता तसेच बाहेर जातात. व्ही.पी.एन. विकणारेही मोठमोठ्या गोष्टी सांगतात. त्याने घराचा पत्ता झाकतो, पण ठसा झाकत नाही. शिवाय आपला सारा प्रवास त्या कंपनीला दिसतो, म्हणून फुकटात मिळणाऱ्यापासून दूर राहावे.

'माझी माहिती विकू नका' ही सूचना फायरफॉक्स व ब्रेव्ह प्रत्येक स्थळाला आपोआप देऊ शकतात. ब्राउझरमार्फत दिलेली अशी सूचना काही अटींसह मानण्याचे बंधन टेक्सासच्या कायद्याने १ जानेवारी २०२५ पासून घातले आहे. यापूर्वी 'माझा माग काढू नका' अशी एक सूचना होती. तिला कोणी जुमानले नाही. उलट ती सूचना देणारे थोडे म्हणून तीच एक खूण होऊन बसली, आणि ॲपलने २०१९ साली ती सफारीतून काढून टाकली.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. जास्त वेषांतर केले की माणूस जास्त ओळखू येतो. लग्नाच्या मांडवात सगळे कोट घालून आले असता एकजण तोंडाला फडके बांधून आला, तर सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडेच जाणार. म्हणून दहा जोडयंत्रे बसवू नयेत, नको असलेले फाँट काढून टाकावेत. टॉर नावाच्या ब्राउझरची युक्ती हीच आहे, सर्वांना एकच गणवेश. तो संथ चालतो आणि रोजच्या कामाला अवघड जातो, पण फारच नाजूक चौकशी असेल तेव्हा उपयोगी पडतो. आमच्या ओळखीतील एकाने भाषांच्या यादीतून मराठी आणि हिब्रू काढून टाकण्याचा सल्ला दिला. मराठी वाचता येतेच, फक्त संगणक ती जाहीर करीत नाही. आम्ही वाचनाच्या त्या वेगळ्या ब्राउझरमधून ती नावे काढली. रोजच्या ब्राउझरमध्ये मात्र ठेवली आहेत. मायबोलीचे नाव सगळीकडूनच पुसावे, एवढी भीती आम्हाला अजून वाटत नाही.

फोनलाही विसरू नका. आयफोनमध्ये एप्रिल २०२१ पासून प्रत्येक ॲपला माग काढण्याची परवानगी विचारावी लागते, ती नाकारावी. अँड्रॉइडमध्ये जाहिरातीसाठीचा ओळख क्रमांक काढून टाकता येतो. आणि हे सर्व करून किती फरक पडला ते पाहावयाचे असल्यास एकर्सली यांच्या संस्थेची 'कव्हर युअर ट्रॅक्स' ही फुकट चाचणी आहे. नातवंडांना सांगावे, ती आनंदाने करून दाखवतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हाच ठसा बँकेच्या उपयोगी पडतो. आपल्या खात्यात अनोळखी यंत्रावरून कोणी शिरू लागले की बँक थांबवून विचारते, ते याच ओळखीच्या जोरावर. म्हणून ओळखणे हेच पाप, असे आम्ही म्हणत नाही. वॉर्डात केसपेपर हवाच, त्यावाचून उपचार होत नाहीत. परंतु तो खाटेपाशी असावा, बाजारात नव्हे. असे असूनही १६ फेब्रुवारी २०२५ पासून गूगलने जाहिरातदारांना या ठशांच्या वापराबाबत पूर्वीपेक्षा मोकळीक दिली आणि ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने त्याला बेजबाबदार म्हटले. तेव्हा हा विषय लवकर संपणारा नाही.

मिस्टरांची तपासणी झाली, औषध सुरू आहे, आणि मुलांना आम्ही दोघांनी समोर बसवून सर्व सांगितले. पेसाहच्या सेदेरला यंदाही त्यांनीच हग्गादा वाचली, दोन ठिकाणी नातवाने ओळ दाखवली. ज्या घरांत अशी एखादी बातमी सांगावयाची राहिली असेल, त्यांनी ती पडद्याच्या आधी आपल्या तोंडाने सांगावी. आणि ज्यांना आणखी थोडा वेळ हवा असेल, त्यांनी वर सांगितलेल्या उपायांपैकी पहिले दोन तरी आजच्या आज करून घ्यावेत. अर्धा तासही लागत नाही.